गळ्यातलं गाणं

बायनाबाईचं गावात कुणाशी धड नव्हतं आणि त्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं लोटली होती. मुलगा आणि सून दिवाळीचे दिवे विझायच्या आत कोयते बांधून ऊसतोडीला निघून जायचे. मग उन्हाळा लागेपर्यंत घरात ती, तिच्या शेळ्या आणि तिचं तोंड. शेजारणी तिच्या दारावरून जाताना पाय उचलून जात. कुणी चुकून "काय चाललंय मावशी" म्हणून विचारलंच, तर "तुला काय करायचंय" हे उत्तर ठरलेलं.

पण तिचं खरं वैर होतं अमरसिंहाशी. गावाच्या वरच्या अंगाला माळ, माळाच्या पोटाशी पाझर तलाव, आणि तलावाकडे जाणारी पायवाट अमरसिंहाच्या तुरीच्या कडेनं. बायनाबाईच्या सासऱ्याच्या काळापासून शेळ्या-मेंढ्या त्याच वाटेनं पाण्यावर जायच्या. अमरसिंहाचे वडील गावचे पुढारी. त्यांनी ती वाट कधी अडवली नव्हती. धनगरवाड्यातली मतं कुठून येतात आणि कुठं जातात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पुढं त्यांना अर्धांगाचा झटका आला, पुण्यात राहणारा अमरसिंह शेती बघायला परत आला, आणि आल्या दिवसापासून त्याचा राग दिसेल त्याच्यावर निघायला लागला. शेळ्यांनी तुरीचे शेंडे खाल्ले म्हणून त्यानं वाटेच्या दोन्ही तोंडांना सिमेंटचे खांब रोवले आणि काटेरी तार ओढली. आता पाण्यावर जायचं तर सगळ्या टेकडीला वळसा. गाभण शेळ्या त्या चढावर धापा टाकायच्या. बायनाबाई तारेजवळ रोज थांबायची, अमरसिंहाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि मगच पुढं व्हायची.

तिच्या गळ्यात एक डबडं असायचं. तळहाताएवढा लाल स्पीकर, त्यात मेमरी कार्ड. शिरूर कासारच्या बाजारात मुंजाजीचं मोबाइलचं दुकान होतं, तो कार्डात भजनं, भारुडं, गवळणी भरून द्यायचा. बायनाबाईनं त्याला सांगितलं होतं, "गच्च भर. मोकळी जागा ठिवलीस तर बग." मुंजाजीनं वैतागून, हाताला लागलं ते सगळं त्यात कोंबलं.

तिला ती गाणी फार आवडत होती असं नाही. भजन म्हणणारा सारखा काहीतरी शिकवत असतो. असं वाग, तसं वागू नको, शेवटी बरोबर काय नेणार. गवळणीत बायका भांडत असतात. भांडायला ती एकटी पुरेशी होती. अलीकडे माळावर बिबट्या दिसायला लागला होता, तो आवाजानं लांब राहतो म्हणतात, म्हणून डबडं चालू ठेवायचं एवढंच.

थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. दुपारी ती बाभळीखाली टेकली होती. भजनं संपली आणि डबडं गप्प झालं. चार्जिंग उतरलं म्हणून तिनं बटणाकडं हात नेला, तर आतून काहीतरी यायला लागलं. आधी नुसताच वारा, लांबच्या खिंडीत भरलेला. तो बराच वेळ तसाच राहिला, वाढला नाही की कमी झाला नाही. मग त्या वाऱ्यातून एक सूर उठला. सनई नव्हे, बासरी नव्हे, पेटी तर नव्हेच. तारेचा आवाज होता, पण लांबत जाणारा, तुटत नव्हता. तो वर गेला, तिथं जरा थरथरला, आणि आता खाली येईल असं वाटत असताना आणखी वर गेला. आभाळात घार जशी पंख न हलवता चढत जाते, तसा. खूप उशिरा खाली ढोल आला, तोही सावकाश, कुणी लांबून पायी चालत यावं तसा.

बायनाबाई हलली नाही. ते संपलं, दुसरं तसलंच सुरू झालं, तेही संपलं. शेळ्या पांगून नाल्यात उतरल्या तेव्हा कुठं ती उठली. रात्री भाकरी थापताना तिच्या लक्षात आलं, की एवढ्या वेळात आपण कुणालाच शिवी दिली नाही.

त्या दिवसापासून ती भजनं पुढं ढकलून थेट तिथंच जायला लागली. बटण किती वेळा दाबायचं हे बोटाला पाठ झालं. तसली मोजकीच होती, आणि लवकरच तिला आणखी हवीशी वाटायला लागली. ती बाजाराच्या दिवशी मुंजाजीच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

"भजनाच्या मागं हाय बग, त्यातलं आनीक भर."

"कोणतं?" मुंजाजीनं मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं.

"ज्यात कुणी बोलत न्हाई."

मुंजाजीनं तिला लग्नातली सनई ऐकवली. मग बेंजोवर वाजवलेली सिनेमाची गाणी. बायनाबाई मान हलवत राहिली. "हे न्हाई. ते वर जातंय. लई वर. आन खाली यायची त्येला घाई न्हाई."

"मावशे, इमान हाय का काय ते?" दुकानात टेकलेला एकजण म्हणाला, आणि सगळे हसले.

बायनाबाईनं डबडं काउंटरवर ठेवलं आणि बटण दाबलं. वारा भरला, सूर उठला. कुणी म्हणालं, रुग्णवाहिका चाललीय. कुणी म्हणालं, हडळ रडतीय. मुंजाजी मात्र हसला नाही. त्यानं पटकन हात लांबवून डबडं बंद केलं.

"चुकून आलंय कायतरी. आन इकडं, पुसून टाकतो."

"हात लावशील तर बोटं मोडीन," बायनाबाई म्हणाली आणि डबडं गळ्यात अडकवून बाहेर पडली. मुंजाजीचं तोंड का उतरलं, याचा विचार तिनं केला नाही. गावातली माणसं तिला पाहून तशीही तोंडं पाडायची.

संक्रांतीच्या सुमाराला तूर भरात आली होती. त्या दिवशी बायनाबाई तारेच्या कडेनं शेळ्या घेऊन चालली होती, डबडं वाजत होतं, आणि सूर वर चढायच्या जागेला आल्यावर ती सवयीनं थांबली, डोळे मिटून. तार एका खांबाजवळ ढिली झाली होती. पुढच्या शेळीनं मान घातली, मग अंग घातलं, आणि तिच्या मागं शेळ्यांचं सगळं खांड आत. बायनाबाईनं डोळे उघडले तेव्हा शेळ्या पोटापर्यंत तुरीत होत्या आणि पलीकडून अमरसिंह काठी घेऊन धावत येत होता.

"डोळे फुटलेत का तुझे, ए बाई?" तो लांबूनच ओरडला. लहानपणी हाच पोरगा तिला बायनामावशी म्हणायचा आणि दुधासाठी तांब्या घेऊन यायचा.

"तार ढिली तुमची आन डोळे फुटले माजे?"

"तार मी कशासाठी ओढली? तुझ्यासारख्या..." आणि तो मधेच थांबला. काठी तशीच वर राहिली. डबड्यातला सूर अजून चढत होता.

"हे काय वाजायलंय?"

"तुमाला काय करायचंय."

"कुठून आणलंस हे? कुणी दिलं तुला?" त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. बायनाबाईला वाटलं, आता हा मारणार. असल्या माणसाचा आवाज खाली आला की हात वर येतो, हे तिनं बघितलेलं होतं. ती दोन पावलं मागं सरली आणि आकडी पुढं धरली. झाडाचा पाला ओढायची लांब काठी ती, टोकाला लोखंडी वाकडं पातं.

"हे माझं आहे," अमरसिंह म्हणाला. "मी वाजवलंय हे. पुण्यात असताना."

बायनाबाई हसली. कित्येक महिन्यांत हसली नव्हती, त्यामुळं ते हसणं खोकल्यासारखं निघालं. "रान तुमचं. वाट तुमची. तळं सरकारचं, तरी तुमचंच. आता माज्या गळ्यातलंबी तुमचंच का?"

तो पुढं झाला आणि त्यानं डबड्याच्या दोरीला हात घातला. बायनाबाईनं आकडीचं पातं त्याच्या छातीला टेकवलं. सदऱ्याचा धागा उसवला तेवढाच, पण अमरसिंहानं हात काढला. दोघंही धापा टाकत उभी राहिली. शेळ्या खात होत्या.

"बरं," तो शेवटी म्हणाला. त्यानं गड्यांना हाक मारली. गड्यांनी तुरीतून शेळ्या हुसकल्या, एकत्र केल्या आणि गावाकडं वळवल्या, ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्याकडं. "कार्ड आण आणि शेळ्या ने," जाताना अमरसिंह म्हणाला. "नाहीतर बस तुझं डबडं ऐकत."

बायनाबाई रिकाम्या हातानं घरी आली. दावणीला नुसत्या दोऱ्या लोंबत होत्या. तिनं चूल पेटवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुंजाजीची मोटारसायकल दारात येऊन थांबली. मुंजाजीच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं आणि मानेवर ओरखडा होता.

"मावशे, माजं नाव घेऊ नको," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "काल सांजच्याला त्यो दुकानात आलता. कॉलर धरली माजी. म्या देवाची आण घेतली, म्हणलं मला काय ठाव न्हाई."

"आन ठाव काय हाय तुला?"

मुंजाजी घुटमळला. पण बायनाबाई दारातून हलेना, तेव्हा त्यानं सांगून टाकलं. अमरसिंहानं पुण्याहून आल्यावर बंद पडलेला लॅपटॉप त्याच्याकडं दुरुस्तीला दिला होता. मुंजाजीनं आतली गाणी आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, मग लॅपटॉप मेला, आतलं सगळं गेलं असं सांगून त्याचे पार्ट विकून टाकले. "मला वाटलं, सिनेमाची गानी असत्याल. तर ही असली रडारड. तुज्या कार्डात जागा उरली व्हती, घातली ढकलून. मागनं माजाबी कॉम्प्युटर बदलला. आता ते फकस्त तुज्या डबड्यात हाय. जगात दुसरीकडं कुठंच न्हाई."

बायनाबाईनं डबडं मुठीत धरलं. "त्येच्या मशिनीत व्हतं म्हंजी त्येनंच वाजिवलं कशावरून? लोक काय दुसऱ्याची गानी ठेवीत न्हाईत?"

"ते मला नगं इचारू. माजं नाव तेवढं—"

"निघ," बायनाबाई म्हणाली. नाव घेईन की नाही, ते तिनं सांगितलं नाही.

उन्हं वर आल्यावर ती अमरसिंहाच्या बंगल्यावर गेली. व्हरांड्यात त्याचे वडील खुर्चीत बसलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, मांडीवर टॉवेल. आतून अमरसिंहाची बायको आली, राजनंदिनी. युसूफ वडगाव या गावची मुलगी. लग्न होऊन चार-दोन वर्षं झाली होती. गावातल्या भांडणांपासून ती चार हात लांब असायची.

"कसलं कार्ड मागतात हे तुमच्याकडं, मावशी?" तिनं हळूच विचारलं. "कालपासून जेवले नाहीत. मला काही सांगत नाहीत."

बायनाबाईनं उत्तर द्यायच्या ऐवजी बटण दाबलं. व्हरांड्यात वारा भरला. राजनंदिनी दाराला टेकून ऐकत राहिली, आणि सूर चढला तसा तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. तेवढ्यात अमरसिंह बाहेर आला.

"तुमी वाजिवलंय म्हणताव न्हवं," बायनाबाई म्हणाली, "मग वाजवून दावा. खरं असंल तर कार्ड देते. आन खोटं असंल तर समद्या गावात सांगते, की हे धाकले पाटील म्हातारीच्या गळ्यातलं चोरायले."

"हे तुम्ही वाजवलंय?" राजनंदिनीनं विचारलं. "माळ्यावरच्या काळ्या पेटीला हात लावायचा नाही, एवढंच मला आल्या दिवशी सांगितलं होतं. त्यात काय आहे ते मी कधी विचारलंसुद्धा नाही."

अमरसिंहानं बायकोकडं बघितलं नाही. तो आत गेला, आणि बराच वेळ वर काहीतरी हलवल्याचे, आपटल्याचे आवाज येत राहिले. तो आला तेव्हा त्याच्या केसांत जाळ्या होत्या आणि हातात एक काळी-तपकिरी गिटार. त्यानं वायरी जोडल्या, एक ठोकळ्यासारखा स्पीकर, जमिनीवर पायानं दाबायचं एक पेटीसारखं यंत्र. तारा गंजल्या होत्या. त्यानं त्या पिळल्या, एक तुटली, तिचं टोक त्याच्या बोटाला लागलं. मग त्यानं वाजवायला सुरुवात केली.

ते काहीच नव्हतं. बोटं घसरत होती, सूर चिरकत होता. बायनाबाई थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "हे ते न्हाई."

"सहा वर्षं हात लावला नाही मी याला," अमरसिंह दातओठ खाऊन म्हणाला. "तुला काय वाटतं, हे बैल जुंपण्याइतकं सोपं आहे का? ॲम्बियंट प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात याला. एकेक सूर जागेवर यायला महिने लागतात. तुला काय कळणार आहे त्यातलं."

"कळायचं काय त्यात. एकू येतंय ना."

राजनंदिनीनं पदराआड तोंड नेलं. अमरसिंहानं ते बघितलं, आणि त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. त्यानं पायाखालचं यंत्र दाबलं, डोळे मिटले आणि पुन्हा सुरू केलं. या वेळी तो घाईत नव्हता. रागावलेलाच होता, पण तो राग आता बोटांत उतरला होता. वारा भरायला लागला. आणि मग त्याच वाऱ्यातून, तुटलेल्या तारेची उणीव ठेवून का होईना, तो सूर उठला. थरथरला. आता खाली येईल असं वाटताना आणखी वर गेला.

बायनाबाईला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी तिला संताप आला. इतके दिवस तिला वाटत होतं, की हे कुणीतरी दूरचं, कुणाशी भांडण नसलेलं माणूस वाजवत असणार. ज्याला तार ओढायची गरज पडत नाही असं. आणि निघाला तो हा. ज्याच्या सात पिढ्या ती रोज उद्धारत होती, तो.

वाजवणं थांबलं. राजनंदिनी नवऱ्याकडं अशी बघत होती, जणू घरात कुणी पाहुणा येऊन बसला आहे आणि त्याचं नाव तिला कुणी सांगितलेलं नाही.

"तुमचंच हाय," बायनाबाई म्हणाली. "पर कार्ड माजं हाय. शेळ्या सोडा आन वाट मोकळी करा. मग देते."

"शेळ्यांचं ठरलं होतं. वाटेचं नाही."

"मग ऱ्हाऊ द्या." तिनं डबड्यावर मूठ आवळली. "हे एकदा नाल्यात टाकलं, तर मलाबी न्हाई आन तुमालाबी न्हाई."

अमरसिंह तिच्या अंगावर आला असता. पण खुर्चीतून आवाज आला. म्हाताऱ्याची जीभ जड होती, शब्द ओले होऊन बाहेर पडत होते. "वाट," तो म्हणाला. बऱ्याच वेळानं, "मोकळी कर." आणि त्यानं चांगल्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर थाप मारली, पूर्वी सभेत मारायचा तशी.

अमरसिंहानं गड्याला पक्कड द्यायला सांगितलं. मग स्वतःच हिसकावून घेतली आणि निघाला. त्यानं एकट्यानं, उघड्या हातांनी, दोन्ही तोंडांची तार तोडली. बायनाबाई लांब उभी राहून बघत होती. तिनं त्याला हातमोजे घाला म्हटलं नाही आणि त्यानंही तिच्याकडं बघितलं नाही. मग तिनं नखानं कार्ड काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. तळहाताला रक्त लागलेलं होतं.

"उतरवून घेतो आणि परत देतो," तो म्हणाला.

ती कोंडवाड्यात गेली. तिथं रात्रभर दाटीवाटीनं, पाण्यावाचून उभ्या राहिलेल्या शेळ्यांत एक गाभण शेळी भिंतीशी बसून होती. तिनं पिल्लू टाकलं होतं. पूर्ण वाढलेलंही नव्हतं, अंगावर नुसती ओली लव. बायनाबाईनं ते फडक्यात गुंडाळलं, आणि त्या शेळीला आधार देत बाकीच्यांसोबत घरापर्यंत आणलं. तोवर राजनंदिनीनं माणसाबरोबर कार्ड पाठवलं होतं.

संध्याकाळी, ते पिल्लू पुरून आल्यावर, तिनं डबडं चालू केलं. बोटानं पाठ असलेलं बटण तितक्या वेळा दाबलं. भजन लागलं. पुन्हा दाबलं. गवळण. ती दाबत राहिली, पुढं, मागं, पुढं. भजनं, भारुडं, गवळणी सगळी जागच्या जागी होती. ते सूर तेवढे पुसलेले होते.

आयुष्यात पहिल्यांदा तिला शिवी सुचली नाही. ती शेळीच्या पाठीवरून हात फिरवत बसून राहिली, आणि मग तिला अमरसिंहाचे शब्द आठवायला लागले. तुला काय कळणार आहे, हे आठवलं. त्याच्या आधी तो काय म्हणाला होता, ते ती तोंडातल्या तोंडात जुळवत राहिली.

बाजाराच्या दिवशी ती मुंजाजीसमोर उभी होती.

"अंबेन राक," ती म्हणाली.

"काय?"

"अंबेन. पोगरेस. राक. त्येच्यात गिटार असती. शोध."

"मावशे, मला वेळ न्हाई—"

"वेळ न्हाई?" बायनाबाई काउंटरवर वाकली. दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून तिनं आवाज खाली घेतला, आणि तोच जास्त भीतीदायक होता. "त्यो लॅपटाप कुनी इकला, त्ये अजून एका मानसाला ठाव न्हाई. त्येचा बंगला माज्या वाटंवरच हाय. आता तर तारबी न्हाई मधी."

मुंजाजीनं गिऱ्हाइकाला वाटेला लावलं आणि स्टूल पुढं ओढलं. पहिल्यांदा लागलं त्यात एक माणूस जिवाच्या आकांतानं किंचाळत होता. "ह्यो तर भुकायलाय," बायनाबाई म्हणाली. "दुसरं." दुसऱ्यात नुसताच ढणढणाट. तिसऱ्यात गिटार होती, पण गाणारा मधेमधे बोलत होता. "बोलनारा नगं." मुंजाजी घामाघूम झाला. त्यानं ती नावं वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहून बघितली, एकाखाली दुसरं उघडलं, दुसऱ्याखाली तिसरं. दुपार कलली. आणि मग एका काळ्याशार डोंगराच्या चित्राखाली वारा भरायला लागला.

बायनाबाईनं हात वर केला. मुंजाजी थांबला.

सूर उठला. हा हात वेगळा होता, जास्त भारी, जास्त धीराचा. तो इतक्या सावकाश वर गेला, की वर गेल्याचं नंतर कळलं.

"हे कुनाचं?"

"कुठल्या तर थंड मुलकातली मानसं हायत. नाव वाचता येईना मला." मुंजाजी खाली खाली सरकवत होता. "आनीक हाय. लई हाय. संपंनाच झालंय, मावशे."

"भर," ती म्हणाली. "भजनं काढ आन भर."

उन्हं तापायला लागली तशी बायनाबाई रोज दुपारी मोकळ्या वाटेनं शेळ्या पाण्यावर आणायला लागली. तलावाच्या बांधावर, बरोबर अमरसिंहाच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीसमोर, ती डबडं दगडावर ठेवायची आणि आवाज सगळा सोडायची. कार्डात आता तऱ्हेतऱ्हेचे हात होते. काही त्याच्याहून कितीतरी सरस होते. त्याच्यासारखं मात्र एकही नव्हतं. एका जागेला ती अजूनही थांबायची, इथं त्याचा सूर थरथरायचा म्हणून, आणि ते थरथरणं तिथं नसायचं. मग तिला पुन्हा राग यायचा.

पहिले काही दिवस अमरसिंह खोलीच्या बाहेर आला नाही. मग एका दुपारी आला. तलावाच्या काठानं, मोटार बघायच्या निमित्तानं, आणि बांधाखाली उभा राहिला.

"कुठं सापडलं हे?" त्यानं विचारलं.

"लई हाय जगात."

तो ऐकत राहिला. त्याच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप हलत होती, बायनाबाईनं ते बघितलं. बोटांच्या टोकांना नवे घट्टे पडलेले होते.

"तुझ्या कार्डातलं मी पुसायला नको होतं," तो म्हणाला. तिच्याकडं न बघता, पाण्याकडं बघत. "मला वाटलं, ते कुणी ऐकूच नये. पाहिजे असेल तर परत भरून देतो."

"माजी शेळी गाबडली तुमच्या कोंडवाड्यात."

त्याला ते माहीत नव्हतं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"ते पैलं भरून द्या," बायनाबाई म्हणाली. "मग गान्याचं बघू."

अमरसिंह बांधाच्या दगडावर बसला. ती त्याला ऊठ म्हणाली नाही, कारण दगड तिचा नव्हता. डबड्यात वारा भरत होता. पाण्यावर ऊन पडलं होतं, शेळ्या गुडघाभर आत जाऊन पीत होत्या, आणि जिचं पिल्लू गेलं होतं ती सगळ्यांच्या मागं, काठाशी. सूर उठला. अमरसिंहानं मान खाली घातली आणि डोळे मिटले. त्याला पुढं काय येणार ते माहीत नव्हतं. बायनाबाईला माहीत होतं. आता सूर चढणार होता.

ती उठली. डबडं उचलून तिनं गळ्यात अडकवलं, आकडी घेतली, शेळ्यांना जीभ वाजवून हाक दिली आणि चालू लागली. सूर तिच्याबरोबर निघाला. मागं अमरसिंह दगडावरून उठल्याचं तिला कळलं, चार-दोन पावलं मागं आल्याचंही कळलं. तुरीच्या तुराट्यांपाशी त्याची पावलं थांबली. बायनाबाईनं मागं बघितलं नाही आणि आवाजही कमी केला नाही. माळाच्या चढाला लागेपर्यंत ते वर, आणखी वर जात राहिलं, आणि संपेपर्यंत ती एकटीच ऐकत होती.